शिकून काय उपयोग?



कॉलेजला जावं की न जावं, हा आजचा विषय. पंचवीस वर्षांपूर्वी कुणी हा विषय ठेवला असता तर श्रोते म्हणाले असते, यात बोलायचं काय आहे? ऐपत असेल त्याने जावं, नसेल त्याने उसनंपासनं करून जावं. आज तसं राहिलेलं नाही. बारावीचा निकाल लागतो आणि बाप मुलाला विचारतो, ‘बी.ए. करून पुढं काय?’ मुलाकडे उत्तर नसतं. बापाचा हा प्रश्न अडाणीपणातून आलेला नाही. त्याच्या गल्लीत एम.ए., बी.एड. झालेला एक मुलगा आहे, तो तिशीला आला तरी घरीच आहे. शेजारच्या वाडीत कॉमर्सचा पदवीधर दुसऱ्याच्या दुकानात वजनकाट्यावर बसतो. बापाने हे डोळ्यांनी पाहिलेलं आहे. त्याला भिंतीवरचे सुविचार ऐकवून गप्प करणं हा त्याचा अपमान होईल. त्याच्या प्रश्नाला प्रश्नासारखंच उत्तर दिलं पाहिजे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ते तुम्हाला तपासत ऐकता येईल. ज्याच्या घरात चालता धंदा नाही, बागायत जमीन नाही, मोठ्या ओळखी नाहीत, त्याला कॉलेजची गरज सर्वांत जास्त आहे. आणि नेमक्या त्याच्याच वाट्याला आपण सर्वांत निकृष्ट कॉलेज देतो. यातलं दुसरं वाक्य खरं आहे म्हणून पहिलं खोटं ठरत नाही. पण गेली काही वर्षं आपण तसाच अर्थ लावत आलो आहोत. कॉलेज वाईट निघालं, तेव्हा कॉलेजला जाणंच वाईट, असं म्हणू लागलो आहोत. वकिलाचा मुलगा हे ऐकत नाही, डॉक्टरची मुलगी हे ऐकत नाही, संस्थाचालकाचं पोर तर मुळीच ऐकत नाही. ती सगळी पुण्याला शिकायला जातात. ऐकतो तो कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा, आणि तो थांबतो.

आता आकडे पाहू, कारण कॉलेजविरुद्धचा सर्वांत मोठा पुरावा आकड्यांचाच आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि दिल्लीची इन्स्टिट्यूट फॉर ह्यूमन डेव्हलपमेंट यांनी २०२४ साली भारतातल्या रोजगारावर एक अहवाल काढला. त्यात २०२२ सालची स्थिती दिली आहे. पदवीधर तरुणांमध्ये बेकारी २९.१ टक्के, आणि ज्यांना लिहिता-वाचता येत नाही अशा तरुणांमध्ये फक्त ३.४ टक्के. हे वाचल्यावर कुणालाही वाटेल की शिकला तो बुडाला. पण जरा थांबा. निरक्षर तरुण बेकार का नाही? कारण बेकार राहणं त्याला परवडत नाही. तो दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जातो, वीटभट्टीवर जातो, शहरात मजूर अड्ड्यावर उभा राहतो. मिळेल ते काम, मिळेल त्या मजुरीवर करतो. मोजणी करणाराच्या लेखी तो रोजगारात आहे. पदवीधर मात्र थांबतो, कारण त्याला अधिक चांगल्या कामाची आशा असते आणि आई-बाप आणखी एक वर्ष भाकर घालायला तयार असतात. तेव्हा ३.४ आणि २९.१ या दोन आकड्यांमध्ये शिकलेल्याचं दुःख जितकं आहे तितकंच न शिकलेल्याचं आहे. फक्त न शिकलेल्याचं दुःख तिथे मोजलेलं नाही. ऊसतोडीच्या कोपीत राहणाऱ्या पोराला ‘कामाला लागलेला’ म्हणून आपण निश्चिंत व्हायचं का? आणि त्याचा दाखला देऊन दुसऱ्या पोराचं शिक्षण थांबवायचं का?

याला जोडून आणखी एक आकडा ध्यानात घ्या. अझीम प्रेमजी विद्यापीठाचा २०२३ सालचा अहवाल सांगतो की पंचविशीच्या आतल्या पदवीधरांत बेकारी ४० टक्क्यांच्या वर आहे, आणि पस्तिशी ओलांडलेल्या पदवीधरांत ती ५ टक्क्यांच्याही खाली येते. मधल्या दहा वर्षांत काय होतं? काहींना हवी ती नोकरी लागते. पुष्कळांची आशा संपते आणि ते मिळेल त्या कामाला लागतात. म्हणजे नुकसान झालं ते कुठे झालं, हे नीट बघा. कॉलेजच्या तीन वर्षांत झालं, की कॉलेजनंतरच्या सात-आठ वर्षांत? २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांच्या वर आले. एका जागेमागे दोनशेहून अधिक उमेदवार. २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागांना सतरा लाखांहून अधिक अर्ज. छत्रपती संभाजीनगरच्या अभ्यासिकांमध्ये सकाळी सातला येऊन रात्री दहाला उठणारी मुलं आहेत. महिन्याचं भाडं, मेसचा डबा, क्लासची फी, परीक्षेची फी, पुढे ढकललेली परीक्षा, फुटलेला पेपर, कोर्टात अडकलेला निकाल. असं एक नाही, दोन नाही, सात-सात वर्षं. या मुलांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण हा खर्च कॉलेजच्या खात्यावर टाकणं बरोबर नाही. तो एकाच दारावर गर्दी करायला लावणाऱ्या व्यवस्थेच्या खात्यावर टाकला पाहिजे. तलाठ्याच्या परीक्षेला कुठलीही पदवी चालते. कुठलीही चालते, म्हणून कशीही मिळवली तरी चालते. आणि कशीही मिळवली तरी चालते, म्हणून कॉलेजात गेलं नाही तरी चालतं. आपली कॉलेजं ओस पडली ती याच रस्त्याने.

प्रमाणपत्र आणि ज्ञान यांची ताटातूट ही पैठणला नवी गोष्ट नाही. सातवाहनांची ही प्रतिष्ठान नगरी, दक्षिणेतलं विद्येचं पीठ. निर्णय द्यावा तो इथल्या ब्रह्मवृंदाने, असा या गावाचा लौकिक. परंपरा सांगते की निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई ही चार भावंडं शुद्धिपत्र मागायला याच गावी आली. ज्ञानाने ओतप्रोत भरलेल्या मुलांना कागद मागावा लागला, आणि कागद देणाऱ्यांना समोर उभं असलेलं ज्ञान ओळखता आलं नाही. आज उलट झालं आहे. कागद मुबलक आहे आणि त्यामागे ज्ञान आहे का, हे कुणी विचारत नाही. याच गावाने दुसरंही उदाहरण घालून दिलं आहे. संत एकनाथांनी लहान वयात पैठण सोडलं आणि ते देवगिरीला जनार्दनस्वामींकडे गेले. शिकण्यासाठी घर सोडावं लागतं, घराबाहेरचा गुरू लागतो, हे त्या वयात त्यांना उमगलं होतं. तिथे त्यांनी परमार्थ शिकला आणि किल्ल्याच्या दप्तरातला हिशेबही शिकला. एका पैची चूक शोधण्यासाठी रात्र जागवल्याची कथा इथल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. आणि पुढे त्याच नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या प्रती तपासून शुद्ध पाठ सिद्ध केला. निरनिराळ्या प्रती समोर ठेवायच्या, कुठला शब्द मूळचा आणि कुठला मागाहून घुसलेला हे ठरवायचं, आपल्या मनाचं त्यात काही घालायचं नाही. ही शिस्त शिकवणं हेच आज विद्यापीठाचं काम मानलं जातं. या शिस्तीला कुणी भरतीची जाहिरात काढत नाही. पण ज्या समाजात ती नाही, त्या समाजाला कुणीही काहीही वाचून दाखवावं आणि खरं म्हणून पटवावं.

इथे कुणी म्हणेल, हे संतांचं झालं, आम्ही सामान्य माणसं. ठीक आहे, सामान्य माणसांचंच बोलू. मराठवाड्याला कॉलेज मिळालं कधी? निजामाच्या राज्यात १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं, त्याचं माध्यम उर्दू. औरंगाबादला १९२३ पासून सरकारी कॉलेज होतं, पण ते आधी इंटरपर्यंतच. पुढे शिकायचं तर हैदराबाद गाठा. किती शेतकऱ्यांच्या, किती बलुतेदारांच्या, किती महार-मांगांच्या मुलांना ते जमणार होतं? १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद मुक्त झालं आणि अवघ्या दोन वर्षांत, १९५० साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला कॉलेज काढलं. तेच मिलिंद महाविद्यालय. त्या काळी अनेकांना प्रश्न पडला असेल की ज्या समाजात साक्षर माणूस शोधावा लागतो तिथे कॉलेज कशाला? आधी प्राथमिक शाळा काढा. हा आक्षेप हलका नाही. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे जवळपास हेच मांडलं होतं. कर शेतकरी भरतो, आणि सरकार तो पैसा वरच्या जातींच्या उच्च शिक्षणावर खर्च करतं, खेड्यातल्या शाळेला मात्र मास्तर मिळत नाही. फुल्यांचं म्हणणं बरोबर होतं. मग त्यांनाच गुरू मानणाऱ्या बाबासाहेबांनी मुंबईला १९४६ साली सिद्धार्थ आणि औरंगाबादला मिलिंद अशी कॉलेजंच का काढली? कारण त्यांना दिसत होतं की निर्णय जिथे होतात त्या खुर्च्यांपर्यंत आपली माणसं पोहोचली नाहीत, तर खालच्या शाळेचा निर्णयही दुसरेच करतील. कॉलेज आधी वरच्यांनी वापरलं होतं, ते आता खालच्यांनी वापरायचं. फुले आणि आंबेडकर यांच्यात इथे विरोध नाही. एकाने कॉलेज कुणासाठी आहे हे विचारलं, दुसऱ्याने ते ज्यांच्यासाठी असायला हवं त्यांच्या हाती दिलं.

आणि मिलिंदचं पीक काय आलं? नुसत्या पगारावर मोजलं तर काही कारकून, काही शिक्षक, काही अधिकारी एवढंच दिसेल. तेही थोडं नाही. ज्या घरात पगार नावाची गोष्ट कुणी पाहिली नव्हती त्या घरात पहिला पगार येणं म्हणजे काय, हे त्या घरालाच विचारावं. पण याच परिसरात डॉ. म. ना. वानखेडे प्राचार्य होते, डॉ. गंगाधर पानतावणे शिकवत होते, इथूनच ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक उभं राहिलं, आणि मराठी साहित्याला शतकानुशतकं ऐकू न आलेला आवाज ऐकू आला. बी.ए.च्या वर्गात बसलेल्या पहिल्या पिढीतल्या मुलांनी एका भाषेचं साहित्य बदललं. पुढे १९५८ च्या ऑगस्टमध्ये मराठवाड्याचं स्वतःचं विद्यापीठ झालं, आणि त्याच्या नामांतरासाठी माणसांनी किती सोसलं हे इथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको. १९९४ साली त्याला बाबासाहेबांचं नाव मिळालं. ज्या वास्तूचं नाव बदलण्यासाठी माणसं घरंदारं गमावतात ती वास्तू निरुपयोगी असते का? लोकांना तिची किंमत ठाऊक होती. आपणच आता ती विसरतो आहोत.

आता दुसऱ्या आक्षेपाकडे येतो, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. तो असा की पुस्तकी पदवीपेक्षा हातातलं कौशल्य बरं. आपल्याच तालुक्यात बिडकीनला हजारो एकरांवर औद्योगिक वसाहत उभी राहते आहे. एथरने तिथे विजेवरच्या स्कूटरचा कारखाना ठरवला, टोयोटा किर्लोस्करने २०२४ च्या जुलैमध्ये राज्य सरकारशी वीस हजार कोटींच्या गुंतवणुकीचा करार केला. तिथे फिटर लागेल, वेल्डर लागेल, इलेक्ट्रिशियन लागेल. मग बी.ए. कशाला, आयटीआय करा. मी म्हणतो, जरूर करा. ज्याचा हात चांगला चालतो, ज्याला यंत्राची ओढ आहे, त्याला मारूनमुटकून इतिहासाच्या वर्गात बसवणं हा अन्याय आहे. आयटीआय आणि डिप्लोमा यांना कमी लेखण्याची आपली सवय ही जातीच्या उतरंडीतूनच आलेली आहे, हाताने काम करणारा खालचा या समजुतीतून. ती सवय गेली पाहिजे. पण मी तुम्हाला विचारतो, बिडकीनच्या कारखान्यांत फक्त फिटरच लागणार आहेत का? तिथे डिझाइनला माणसं लागतील, खरेदीला, हिशेबाला, कामगार कायद्याला, पर्यावरणाच्या परवानग्यांना, संगणकाला लागतील. ती कुठून येणार? आपण आपल्या मुलांना आधीच सांगून ठेवलं की कॉलेज तुमच्यासाठी नाही, तर ती पुण्या-मुंबईहून येतील, चेन्नईहून येतील. आणि ज्यांच्या बापांच्या जमिनीवर कारखाना उभा राहिला ती मुलं ठेकेदाराच्या हाताखाली गेटवर, कँटीनमध्ये आणि लोडिंगला लागतील. वाळूजला १९८५ पासून बजाजचा कारखाना आहे. त्याच्या आसपास चाळीस वर्षांत जे घडलं त्यातून आपण एवढं तरी शिकावं की कारखाना गावात आला म्हणजे कारखान्यातल्या सगळ्या खुर्च्या गावाला मिळाल्या, असं होत नाही.

कौशल्याबद्दल बोलायचं तर पैठणीसारखं दुसरं उदाहरण नाही. मागावर बसून एकेक धागा हाताने गुंफून पदरावर मोर उभा करणारा कारागीर कुठल्याही कॉलेजात गेलेला नसतो. त्याच्या बोटांत जे आहे ते कुठलंही विद्यापीठ देऊ शकत नाही, हे मी निःसंकोच मान्य करतो. २०१० साली पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं. पण त्या मानांकनाचा अर्ज कुणी लिहायचा, यंत्रमागाच्या नकली पैठणीविरुद्ध दाद कुणी मागायची, रंग पक्का राहावा म्हणून रसायनशास्त्र कुणी वापरायचं, परदेशातल्या गिऱ्हाइकाशी व्यवहार कुणी करायचा? हे सगळं ज्याला येतं तो नफा नेतो, आणि मागावरच्या माणसाला मजुरी राहते. कौशल्य एका घरात आणि शिक्षण दुसऱ्या घरात, ही वाटणी जोवर आहे तोवर कारागीर गरीबच राहणार. विणकराच्या मुलीने माग सोडून कॉलेजला जावं असं मी म्हणत नाही. तिने माग न सोडता वाणिज्य शिकावं, वस्त्ररसायन शिकावं, आणि आईच्या हातची साडी स्वतःच्या नावाने विकावी, असं म्हणतो.

मुलींचा विषय निघालाच आहे तर त्यावर थांबलं पाहिजे, कारण कॉलेजचा उपयोग काय याचं सर्वांत स्पष्ट उत्तर इथे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची २०१९ ते २०२१ ची पाचवी फेरी सांगते की महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्क्यांचं लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झालं होतं. आपल्या शेजारच्या बीडमध्ये आणि परभणीत हे प्रमाण ४० टक्क्यांच्याही वर होतं. शाळा सुटली की लग्न, हा आपल्याकडचा क्रम आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या आई-बापांना वयात आलेली मुलगी मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची ही खरीखुरी धास्ती असते, त्यांना नावं ठेवून भागणार नाही. पण कॉलेजात नाव असलेल्या मुलीचं लग्न पुढे ढकलता येतं. ‘अजून शिकतेय’ या एका उत्तरावर पाहुणे परत पाठवता येतात. तीन वर्षं मिळतात. त्या तीन वर्षांत तिचं शरीर बाळंतपण पेलण्याइतकं होतं, तिला बँकेत खातं चालवता येतं, घराबाहेरच्या माणसांशी बोलता येतं, आणि नाही म्हणता येतं. तिला नोकरी लागली नाही तरी ही तीन वर्षं वाया गेली असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. सरकारने २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या, आर्थिक आणि सामाजिकदृष्ट्या मागास वर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली, हे चांगलं झालं. पण खेड्यातल्या मुलीचं कॉलेज फीवर अडत नाही, ते एसटीवर अडतं. सकाळची गाडी आली नाही की एक दिवस बुडतो, संध्याकाळची गाडी चुकली की दुसऱ्या दिवसापासून कॉलेजच बंद होतं. पैठणच्या लोकप्रतिनिधींना माझी विनंती आहे की कॉलेजच्या इमारतीसाठी निधी आणण्याआधी कॉलेजच्या वेळेला गाडी आणा.

अजून एक उपयोग सांगतो, तो एकट्या माणसाचा नाही, गावाचा आहे. या गावाच्या उशाशी जायकवाडी धरणाचा नाथसागर आहे. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी त्याची पायाभरणी केली, १९७६ साली इंदिरा गांधींनी लोकार्पण केलं. शंभर टीएमसीहून मोठं धरण. पण वर नाशिक-नगरमध्ये धरणं होत गेली, आणि आपलं धरण भरण्याचा प्रश्न कोर्टाचा झाला. २००५ साली जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा आला आणि त्यात समन्यायी पाणीवाटपाचं तत्त्व आलं. २०१३ साली मेंढेगिरी समितीने अहवाल दिला आणि जायकवाडीत ऑक्टोबरच्या मध्याला किती साठा असला म्हणजे वरून पाणी सोडायचं नाही, याचं गणित मांडलं. २०१६ साली उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाची बाजू उचलून धरली. आता मला सांगा, या सभागृहातल्या किती जणांनी तो अहवाल वाचला आहे? आपल्या रब्बीचं भवितव्य ज्या कोष्टकांत आहे ती कोष्टकं वाचता येणारी माणसं आपल्या तालुक्यात किती आहेत? मोर्चा काढायला धैर्य लागतं, ते आपल्याकडे आहे. पण मोर्च्याच्या दुसऱ्या दिवशी सुनावणी असते. तिथे बाष्पीभवनाचा आकडा, सिंचनक्षेत्राचा आकडा, कायद्याचं कलम घेऊन उभं राहावं लागतं. पाणी आणि जमीन व्यवस्थापन शिकवणारी वाल्मी ही संस्था पैठण रस्त्यावरच आहे. त्या रस्त्याने आपण रोज जातो. नदीकाठच्या गावांतून जलतज्ज्ञ निघाले नाहीत, तर आपल्या पाण्याची वकिली आपण कायम उसनी घेणार.

मग आमच्या कॉलेजात हे मिळतं का, असं तुम्ही विचाराल. पुष्कळ ठिकाणी मिळत नाही. यावर मी पांघरूण घालणार नाही. आपल्या विद्यापीठाला चार जिल्ह्यांतली चारशेहून अधिक कॉलेजं जोडलेली आहेत. त्यांत मनापासून शिकवणारी माणसं आहेत, त्यांना मी नमस्कार करतो. पण अशीही कॉलेजं आहेत जिथे प्रवेश जूनमध्ये होतो आणि मुलगा पुन्हा उगवतो तो थेट परीक्षेला. प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या आहेत. तासिका तत्त्वावर शिकवणारे नेट-सेट झालेले, पीएच.डी. झालेले लोक मजुरापेक्षा कमी पैशांत वर्ष काढतात आणि पुढच्या वर्षी असू की नाही हे त्यांना ठाऊक नसतं. ज्याच्या स्वतःच्या चुलीची शाश्वती नाही त्याने मुलांना कुठल्या उमेदीने शिकवायचं? ग्रंथालयाला कुलूप, प्रयोगशाळेत धूळ, आणि अभ्यास म्हणजे ‘अपेक्षित’ प्रश्नसंच. हे कॉलेज नाही, ही फसवणूक आहे. आणि फसवणूक झालेला माणूस काय करतो? बियाणं बोगस निघालं तर शेतकरी पेरणी सोडत नाही, दुकानदाराला आणि कंपनीला धरतो, पंचनामा मागतो. पदवीच्या बाबतीत मात्र आपण पंचनामा मागत नाही. मुकाट्याने पोराला घरी आणतो आणि शिक्षणालाच दोष देतो.

ऐपत नाही, हा शेवटचा आक्षेप राहिला. त्याला उत्तर या महाराष्ट्राने केव्हाच दिलं आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं आणि गरीब मुलांना ‘कमवा आणि शिका’ म्हणून तिथे आणलं. मुलांनी माती उपसली, शेतात कष्ट केले, आणि पदवी घेतली. आपल्या विद्यापीठातही ती योजना आहे. ज्याला घर सोडणं शक्यच नाही त्याच्यासाठी १९८९ पासून नाशिकचं मुक्त विद्यापीठ आहे. पण मुक्त विद्यापीठाची पदवी घेणाऱ्यानेही पुस्तक उघडलं पाहिजे. तिथेही नुसता कागद मिळतो आणि तिथेही खरं शिक्षण मिळतं. ज्याचं त्याने ठरवायचं.

म्हणून इथे जमलेल्या आई-वडिलांना माझं सांगणं एवढंच आहे. मुलाला, आणि त्याहून आधी मुलीला, कॉलेजला पाठवा. पण अर्ज भरण्याआधी स्वतः कॉलेजात जा. शेत विकत घेताना सातबारा पाहता तसं इथेही पाहा. आपण जो विषय घेणार त्याला पूर्णवेळ प्राध्यापक किती, ते विचारा. गेल्या वर्षी प्रत्यक्षात किती तास झाले ते विचारा. ग्रंथालय किती वाजता उघडतं आणि मुलांना पुस्तक घरी मिळतं का, ते विचारा. मागच्या तीन वर्षांतली मुलं पुढे कुठे गेली याची यादी मागा. नॅकने काय दर्जा दिला ते पाहा. उत्तर मिळालं नाही तर प्राचार्यांना लेखी विचारा, तरी मिळालं नाही तर विद्यापीठाला लिहा. एकट्याने जाऊ नका, गावातले पाच पालक मिळून जा. येत्या जूनमध्ये पैठण तालुक्यातल्या प्रत्येक कॉलेजच्या दारात असे पाच पालक उभे राहिले पाहिजेत.